पागोळ्यांचा नकाशा

४ मे २००८, रविवार

"तुला जे हवं असतं ते मला न मागता मिळतं, त्यात माझा काय दोष?"

नीलिमाचं वाक्य. पुण्यात, हॉस्टेलच्या गच्चीवर केस वाळवत बसलो होतो तेव्हाचं. भूगोलाच्या सर्व्हे कॅम्पसाठी अर्ज मी केला होता आणि सरांनी निवडलं तिला. ती हसत म्हणाली. टोचून बोलणं तिच्या स्वभावात तेव्हाही नव्हतं, आताही नाही. म्हणून तर ते वाक्य एवढी वर्षं राहिलं. वाईट माणसाचं असतं तर विसरले असते.

आज आठवलं, कारण संध्याकाळी रेवा दारात आली ती गळ्यात नी.चा जीपीएस अडकवून. पदक मिळाल्यासारखी. अठरा वर्षांची माझी पोरगी, ए-लेव्हल म्हणजे इथली बारावी तोंडावर, आणि अख्खा रविवार बेडमिन्स्टरमधल्या अनोळखी लोकांच्या मागच्या अंगणात. पिंपांतलं पाणी बाटल्यांत भरत. चिखलाचे बूट, नाक लाल, आणि इतकी खूश.

जेवलीस का, एवढंच विचारलं. नीलूमावशीकडे खाल्लं, म्हणाली.

११ मे, रवि.

नी. जेवायला होती. तिची इथल्या युनिव्हर्सिटीतली फेलोशिप सप्टेंबरात संपते. काम असं: लोक छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवतात, इथे त्याला वॉटर बट म्हणतात. बागेला घालतात, कोणी टॉयलेटला वापरतात. ते पाणी कितपत चांगलं, हे घरोघरी बाटल्या भरून तपासायचं आणि नकाशावर मांडायचं. छप्पर स्लेटचं की कौलांचं, चिमणीभोवती शिशाचा पत्रा आहे का, वर झाड आहे का, रस्ता किती जवळ. प्रत्येक गोष्टीचा कॉम्प्युटरवर वेगळा थर. आम्ही शिकत होतो तेव्हा हेच ट्रेसिंग पेपरवर करायचो, शाईने, एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावून. मी लग्न करून इकडे आले आणि कथा लिहायला लागले. नी.ने कागद सोडले, नकाशे नाही सोडले.

जेवताना रेवा सांगत होती, "मावशी, त्या लेडीचा गटरचा पाणी इतका स्वच्छ होता, मी थोडा टेस्ट केला." तिच्या बाबाला, सुधीरला, ठसकाच लागला. नी. हसून हसून बेजार. मग तिने नीट समजावलं. मराठीत गटार म्हणजे सांडपाण्याचं. छपराच्या कडेला लावलेली असते ती पन्हळ. रेवाने म्हणून पाहिलं. पन्हल. पन्हल. पन्हळ. ळ जमला. इतक्या वर्षांत मी सांगून जमला नव्हता तो ळ.

तेव्हा मला पागोळ्या हा शब्द आठवला. छपराच्या कडेवरून ओळीने गळणारं पाणी. देवरुखला शाळेच्या व्हरांड्यात आम्ही मुली पागोळ्यांखाली ओंजळी धरून उभ्या राहायचो, बाई ओरडेपर्यंत. शब्द ओठांपर्यंत आला होता. दिला नाही. नी.ने तो लगेच उचलला असता आणि रेवाच्या हातावर ठेवला असता, आणि मग तो कायमचा तिचा झाला असता.

असं कोण करतं? शब्द कोण लपवून ठेवतं?

३१ मे, शनि.

रेवाचा बसमधून फोन. "आई, मी येऊन राहिली."

मी आधी ओळखलंच नाही. मग लक्षात आलं. नी. नागपूरची.

मी मराठीत लिहिते. दिवाळी अंकांत माझं नाव येतं, लोक पत्रं पाठवतात. आणि माझ्या मुलीच्या तोंडून चूक नसलेलं पहिलं वाक्य आलं ते नागपूरचं. परवापर्यंत स्वतःबद्दल 'मी आला' म्हणायची.

सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, "बोलते आहे ना मराठी? मग झालं तर." त्याला काय. तो विमानाचे पंख मोजतो दिवसभर. त्याच्या पुणेरी बोलण्यातलं तिने काहीच उचललं नाही, तरी त्याला झोंबत नाही. मला का झोंबावं?

झोंबतं पण.

८ जून, रवि.

पहाटेपासून पाऊस. नी.ला असाच दिवस हवा होता, सगळ्या बाटल्या एकाच पावसाच्या भरायच्या होत्या. तिची माणसं गल्ल्या वाटून फिरत होती. रेवाची उद्या परीक्षा, ती मैत्रिणीकडे अभ्यासाला. नी.चा फोन आला. "वसू, तुमच्या घरची बाटली तू भरशील का गं? पिंपाच्या तोटीखाली धरायची, बस."

बरं वाटलं. त्या दोघींच्या कामात मला पहिल्यांदा कोणी बोलावलं.

छत्री धरून गेले मागे. पाणी आलं ते गढूळ, तळाशी पानांचा चोथा. असलं पाणी नी.च्या हातात द्यायचं? तिने बाटली उजेडात धरून बघायची आणि मनात म्हणायचं, वसूच्या घरचं हे असं. आमच्या आईने दारावर आलेल्या पोस्टमनलाही कधी गढूळ पाणी दिलं नाही. तांब्यात काढून ओट्यावर ठेवलं आहे, वर बशी झाकून. रात्रीतून गाळ खाली बसेल. सकाळी वरचं नितळ भरीन.

सोम. भरली. काचेसारखं पाणी. नी. येऊन घेऊन गेली. बाटली बघून म्हणाली, "वा." दिवसभर ते 'वा' पुरलं मला.

२८ जून, शनि.

परीक्षा संपल्या. जेवणाच्या टेबलावर नी.चा लॅपटॉप, त्यावर आमची टेकडी. नुसती छपरं. रस्ते फिकट आणि प्रत्येक छपराची कडा रेखलेली. आमचं, शेजारच्या कॉलिनचं, खालच्या वळणावरच्या चर्चचं. रेवा बटण दाबायची आणि झाडं यायची. दाबायची, रस्त्यांची धूळ यायची. लॅबचे आकडे आले की प्रत्येक बाटलीच्या जागी एक टिंब येईल, मग दोन टिंबांमधली जागा प्रोग्राम अंदाजाने रंगवील. चांगलं पाणी हिरवं, वाईट लाल.

"म्हणजे ज्याने बाटली दिलीच नाही त्याच्या छपराला पण रंग येणार?" मी विचारलं.

"येणारच. शेजाऱ्यावरून," नी. म्हणाली. "आपल्याकडे पोरीचं स्थळ बघताना करतात तसं."

रेवाला ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती नी.च्या खांद्यावर डोकं टेकून हसली. मी तीनदा चहा विचारला. तिन्ही वेळा दोघी एकदम 'नको' म्हणाल्या. एका सुरात.

देखणं काम आहे. मला येत होतं एके काळी.

१३ जुलै, रवि.

आकडे आले. सगळी टेकडी हिरवी, थोडी पिवळी, आणि मधोमध एक लालभडक डाग. आमचं घर. पाण्यात कॉपर, बाकी कुठल्याच घरात नाही इतकं. डाग आमच्या छपरावरून उतरून कॉलिनच्या घरावर, पलीकडच्या दोन घरांवर, मागच्या ॲलॉटमेंटच्या, भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांपर्यंत पसरलेला.

रेवा दोन दिवस जेवणावरून अर्धवट उठते आहे. तिने शोधून काढलं की टेकडीवरच्या जुन्या शाळेच्या मनोऱ्याला तांब्याचा पत्रा आहे, हिरवा पडलेला, आणि नैऋत्येचा वारा नेमका तिथून आमच्याकडे. तिने वाऱ्याचा एक वेगळा थर केला. स्वतः. बाण बाण काढून. नी. मला म्हणाली, "वसू, मी दोन वर्षांत नाही केलं हे. पोरगी गेली कोणावर गं?" डोळा मारून म्हणाली. मला म्हणता आलं असतं की माझ्यावर. म्हटलं नाही. खरं वाटेना.

सप्टेंबरात चर्चच्या हॉलमध्ये बाटल्या देणाऱ्या सगळ्यांना बोलावून नकाशा दाखवायचा आहे. मनोऱ्याचा भाग रेवा सांगणार.

२० जुलै, रवि.

कॉलिनने आपलं पिंप ओतून टाकलं. रिटायर्ड बस ड्रायव्हर, बायको गेल्यापासून वाफे हेच त्याचं सगळं. रेवाने त्याला नकाशा दाखवला होता. कुंपणावरून मला हाक मारली, 'माय लव्हर' म्हणून, इथले म्हातारे सगळ्यांनाच म्हणतात तसं, आणि विचारलं की आधीचा लेट्यूस खाल्ला त्याचं काय होईल. मी म्हटलं, काही होणार नाही. त्याने उरलेला उपटला होता. वाईट वाटून मी आमच्या वेलावरच्या बीन्स पुढे केल्या. घेतल्या नाहीत. बरोबर आहे, सगळ्यांत लाल आमचंच घर.

दुपारी भांडी चिंचेने घासायला घेतली. समया, ताम्हन, आईचा तांब्या. तांब्या आतून घासताना बोटांना हिरवं लागलं आणि हात तसाच थांबला.

रात्रभर. बशी झाकून.

पावसाच्या पाण्याला तसाही थोडा आंबूसपणा असतो, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. चिंच जे करते तेच ते करणार, फक्त सावकाश. वारा नाही, मनोरा नाही. मी.

नळ चालू राहिला किती तरी वेळ.

आणि मग जे मनात आलं ते इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. मनात आलं की हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, नी. बोलत असताना उठून सांगावं. दोन वर्षांच्या कामावर एक लोटीभर पाणी. तिचा चेहरा कसा होईल ते मी पाहिलंसुद्धा. एक मिनिट छान वाटलं. मग त्याच चित्रात शेजारी रेवा दिसली, हातात बाणांचा कागद घेऊन.

नाही सांगितलं. कोणालाच. का नाही सांगितलं, रेवासाठी की माझ्यासाठी, ते मला अजून नीट

२ ऑगस्ट, शनि.

नी. परत नागपूरला जाते आहे. तिच्या इन्स्टिट्यूटने तिकडच्या शाळांच्या छपरांचं हेच काम घेतलं आहे. आणि रेवा तिच्याबरोबर. कॉलेजची जागा एक वर्ष पुढे ढकलून, वर्षभरासाठी.

मला विचारलं नाही, सांगितलं. सुधीरला आधीच माहीत होतं. "आपल्या मातीत जाते आहे, चांगलंच आहे की."

आपल्या कसल्या. नी.च्या. रेवाने देवरुख लहान असताना पाहिलं, तेही डास चावले एवढंच आठवतं तिला. नंतर माझे आईवडील गेले, आणि दर खेपेला पुण्यात सासरी उतरून तिथूनच परत. आता ती नागपूरचं ऊन बघणार, नागपूरची संत्री खाणार, नागपूरला हसायला शिकणार. देश कुठला असं कोणी विचारलं की मग तोच तिचा देश होईल.

मी म्हटलं, मी येते पोचवायला, आधी माझं गाव दाखवते. तर शांतपणे म्हणाली, "आई, मला तुझा इंडिया नाही बघायचा. मला काम करायचा आहे."

तुझा इंडिया. काम करायचं, असं मी सुधारलं. तेवढंच सुचलं.

१४ ऑगस्ट, गुरु.

रिझल्ट. हवे ते ग्रेड मिळाले. मी लायब्ररीत ड्यूटीवर, फोन समोर ठेवून. मला कळलं तोपर्यंत नी.ला कळलं होतं. बस मिळेपर्यंत वेळ होता म्हणून तिला केला, म्हणाली रेवा. मला मात्र तिला समोर येऊन सांगायचं होतं.

खरं असेल. नी.ने पेढे केले होते, कंडेन्स्ड मिल्कचे. चांगले झाले होते. हेही लिहायला हवं का? झाले होते.

१७ ऑगस्ट, रवि.

रेवाच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेले. टेबलावर रिकाम्या बाटल्या, त्यांच्यावर चिकटपट्ट्या. वाकड्यातिकड्या अक्षरांत: 'कौल'. 'शिसे'. 'झाड नाही'. देवनागरी. नागपूरच्या शाळांसाठी सराव.

ती पाचवीत असताना मी पाटी आणली होती. रविवारची मराठी शाळा, तासभर रडारड. चार रविवारांनंतर मीच सोडलं. तिला माझा राग यायला लागला होता आणि मला ते सहन होत नव्हतं.

खाली येऊन म्हटलं, अक्षरं छान काढतेस. खूश झाली. मग सहज म्हणाली, "नीलूमावशीने तुझा एक स्टोरी वाचून दाखवला. त्या बेकरीवाल्या बाईचा. ती सगळ्यांचे व्हॉइसेस करते. इट्स रियली फनी, आई. तू फनी आहेस हे मला माहीतच नव्हतं."

ती गोष्ट मी, आम्ही वॉटफर्डला राहत होतो तेव्हा, लिहिली, रेवा मांडीवर झोपलेली असताना, एका हाताने. ती रेवाला पहिल्यांदा ऐकू आली दुसऱ्या बाईच्या आवाजात. बेकरीवाली नागपूरचं बोलली असणार.

आणि हसली रेवा. जिथे हसायला हवं तिथेच हसली, मी विचारून घेतलं.

६ सप्टेंबर, शनि.

आज हॉलमध्ये नकाशा. मी ठरवून गेले होते. लोकांसमोर नाही, आधी नी.ला बाजूला घेऊन. कॉलिन कोट घालून आला होता, पहिल्या रांगेत बसला. म्हटलं, आता नाही सांगितलं तर हा माणूस पुढच्या वर्षीही काही लावणार नाही.

पण सुरू होऊन गेलं. पडद्यावर टेकडी आली. हिरवी, थोडी पिवळी. लाल नाहीच. आमच्या घरावर टिंबच नव्हतं. कॉलिनचं, आमचं, सगळं एकसारखं फिकट हिरवं. रेवा उठली आणि छपरांवरच्या कबुतरांनी पाणी कसं बिघडतं त्यावर बोलली. मनोऱ्याचं, वाऱ्याचं काही नाही. चांगलं बोलली. कॉलिनकडे बघून म्हणाली की त्याच्या गल्लीची आधी एक चुकीची बाटली आली होती, ती काढली आहे, त्याचं पाणी उत्तम आहे. कॉलिनने टाळ्या वाजवल्या.

मी मागच्या रांगेत.

चहाच्या टेबलाशी नी.ला गाठलं. म्हटलं, "नीलू, आमची बाटली मी तांब्यात निवळून भरली होती."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"मला नाही कळलं गं. रेवाने ओळखलं." ती कपात दूध ओतत होती, थांबली. "मी तिला धातूंची नावं शिकवून राहिली होती. लोखंड, शिसं, जस्त, तांबं. तर म्हणे, मावशी, तांबं म्हणजे आई म्हणते तो तांब्या? मी म्हटलं, हो, त्याच्यावरूनच. मग म्हणे, ओ नो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तीच म्हणाली, आईला नको सांगू. लागेल तिला."

"आणि तिचा तो शोध? मनोरा?"

"गेला. रडली थोडी माझ्याजवळ. मग स्वतःच बसून काढला तो थर."

माझ्याजवळ, म्हणाली. सहज. तिला त्यात काही वाटलं नाही, आणि वाटण्यासारखं काही नव्हतंच.

मी विचारलं, आमच्या पिंपाची दुसरी बाटली का नाही घेतली. घेतली होती, मी लायब्ररीत असताना. चांगलं होतं पाणी. पण नकाशात चालत नाही. "त्या दिवसाचा पाऊस कुठून आणणार, वसू?"

म्हणजे आमच्या छपराचा रंग आता अंदाजाने. शेजाऱ्यांवरून.

७ सप्टेंबर, रवि.

मी एवढे महिने समजत होते की दोघींपासून काही तरी लपवून मी त्यांना सांभाळते आहे. त्या दोघी मिळून मला सांभाळत होत्या. माझ्याबद्दल बोलल्या असतील, हळू आवाजात. आजारी माणसाबद्दल बोलतात तसं. ह्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्या हसण्याचाही नव्हता वाटला.

आणि दुसरं: ओळखलं तिने. शब्दावरून ओळखलं. एवढी वर्षं मी रोज सकाळी 'तांब्या भरून ठेव' म्हणते ते तिच्या कानावरून नुसतं गेलं नव्हतं, आत कुठे तरी साठलं होतं. भरलं मी, तोटी नी.ने उघडली.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

रेवाला विचारलं, मला का नाही सांगितलंस. टोस्टला लोणी लावत होती. "इट्स फाइन, आई. सगळे करतात. नीलूमावशीने पण एक सँपल खराब केला होता एकदा, पेनाच्या झाकणाने."

"तरी पण. मला सांगायचंस."

सुरी लोण्याच्या डबीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "तू त्याचा स्टोरी केला असतास."

त्याची स्टोरी, म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

खरंच आहे ना. हे काय करते आहे मी आत्ता?

१३ सप्टें., शनि.

कॉलिनने पालक पेरला. मला बोलावून दाखवला.

नी.चं सामान आवरायला गेले होते. पुस्तकं खोक्यात भरली. तिने माझ्या कथांची कात्रणं जपून ठेवली आहेत, पहिल्या दिवाळी अंकापासूनची. ओळींखाली पेन्सिलीच्या खुणा. नागपूरला कुरिअरने मागवायची म्हणे ते अंक, दर वर्षी. कधी बोलली नाही. मी विचारलं, का गं?

"मला लिहिता येत नाही ना, बाई. जळत होती मी तुझ्यावर. काय करून राहिली असती दुसरं?" आणि खोक्याला टेप लावायला घेतली.

मग आम्ही टेपचं टोक शोधत बसलो, सापडेना.

ह्याने माझं जळणं कमी झालं असं नाही. एक तास झालं असेल. घरी आले तर रेवाच्या बॅगेवर पत्त्याची पट्टी: नी.चं घर, नी.चा फोन. पुन्हा होतं तिथेच.

२० सप्टें., शनि.

पुढच्या शनिवारी विमान. मुंबईला उतरून तसंच पुढे नागपूर. तिकिटं झाली आहेत.

काल धीर करून नी.ला फोन केला. म्हटलं, तू पुढे हो. रेवाला मी घेऊन येते, चार दिवस माझ्या गावी नेऊन मग नागपूरला सोडते. मला वाटलं होतं ती अडेल आणि मला तिच्यावर रागावता येईल. ती म्हणाली, "माझं काय जातं? शाळा कुठे पळून चालल्या? पण तिला विचार, वसू. मी नाही सांगणार तिला. मी सांगितलं तर ती हो म्हणेल."

फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य कळलं.

म्हणजे मीच विचारायचं. तोंडाने विचारलं तर रेवा इंग्रजीत उत्तर देईल, पटकन, आणि संपेल. म्हणून लिहून ठेवायचं ठरवलं, तिच्या बॅगेवर. मराठीत. मी माझ्या मुलीला कधी मराठीत लिहिलं नव्हतं, वाचणार कोण होतं? आता वाचेल, आणि ते कोणामुळे ते मला माहीत आहे.

पण तिला जोडाक्षरं अजून येत नाहीत. सकाळपासून बसले आहे. 'प्रिय' लिहिता येत नाही. 'प्रेम' नाही. 'वर्ष' नाही, 'हट्ट' नाही, 'तुझ्याशिवाय' तर नाहीच. इतकी पानं लिहिली आयुष्यात आणि ह्या चार ओळींना शब्द पुरेनात. पाच कागद फाडले.

ती नाही म्हणेल. तिकीट बदलायला पैसे पडतात म्हणेल, काम सोमवारी सुरू होतं म्हणेल, आणि आई प्लीज, म्हणेल, हसून, गालाला गाल लावून. मला तिचा चेहरासुद्धा दिसतो आहे. तरी ठेवते आहे.

मोठ्या अक्षरात, सुटं सुटं:

रेवा, तू नागपूरला जा. सगळे दिवस तिचे. पण आधी चार दिवस मला दे. आपण दोघीच जाऊ. माझं गाव तुला मलाच दाखवू दे.